रेशन कार्ड सीमाभागात: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका अडतो कुठे

टंचाई आली की गोदामात धान्य किती आहे याच्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व कुणाचं नाव कुठल्या यादीत आहे याला येतं. ही रीत दुसऱ्या महायुद्धातून आली. मार्च १९४२ मध्ये इंग्रज फौज ब्रह्मदेशात हरली, रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि तिकडून दरवर्षी येणारा तांदूळ एका फटक्यात बंद झाला. आज कर्नाटकात असलेले बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते (बीदर निजामाकडे) आणि इलाख्याला स्वतःचं धान्य पुरत नव्हतं. १९३९ ला इलाख्याच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यापासून कारभार गव्हर्नरच्या हातात, त्यात ऑगस्ट १९४२ ची चळवळ पेटलेली. उपाशी रांगेची दंगल व्हायला वेळ लागत नाही हे सरकारला कळत होतं. घाऊक व्यापाऱ्यांना परवाने सक्तीचे झाले, भाव बांधले गेले आणि १९४३ मध्ये मुंबई शहरात कार्डावर धान्य सुरू झालं.

युद्ध संपलं, कार्ड राहिलं. साठ्याला मर्यादा घालणं, ने-आण आणि भाव ताब्यात ठेवणं हे आज १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली होतं, आणि कार्डावरचं वाटप २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हक्क झालं. म्हणून कार्ड करायचं ते सगळं सुरळीत असताना. टंचाई जाहीर झाल्यावर तहसीलदार कचेरीत अर्ज घेऊन उभं राहणाऱ्याला त्या महिन्याचं धान्य मिळत नाही.

कुठलं कार्ड, किती धान्य

कर्नाटकात तीन प्रकार. अंत्योदय (सगळ्यांत गरीब घरांचं) कार्डाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं, कायद्याच्या भाषेत प्राधान्य कुटुंब. यात माणशी ५ किलो. तिसरं एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांचं. अंत्योदय नेहमीच फायद्याचं असं सरसकट धरू नका. दोन म्हाताऱ्यांच्या घराला ३५ किलो म्हणजे चैन, सात माणसांना दोन्हीकडे सारखंच, आणि आठवं माणूस आलं की बीपीएलवर जास्त मिळतं.

केंद्राच्या वाट्याचं हे धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. त्यावर राज्याची अन्नभाग्य योजना. तिचं रूप मात्र बदलत आलंय: २०२३ मध्ये जादा ५ किलोऐवजी किलोमागे ३४ रुपये, म्हणजे माणशी १७० रुपये खात्यात येत, २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ सुरू झाला. घरचा हिशेब केंद्राच्या ५ किलोवर धरा, वरचं येईल ते येईल. उत्तर कर्नाटकात कधी तांदळाचा काही भाग कापून जोंधळा देतात. ती कपात नव्हे, बदल आहे, एकूण वजन तेवढंच भरलं पाहिजे.

पात्रता

नियम उलट्या बाजूनं लिहिलेत, म्हणजे कोण बसत नाही ते सांगितलंय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या वर गेलं की बीपीएल नाही. महिन्याला हे १० हजार पडतात, दोघं कमावत असतील तर सहज ओलांडले जातात. आयकर किंवा जीएसटी भरणारा, सरकारी वा निमसरकारी नोकर घरात असेल तर नाही. स्वतःची चारचाकी असेल तर नाही; पोटासाठी स्वतः चालवायचा एक ट्रॅक्टर, टॅक्सी किंवा मॅक्सीकॅब चालतो. शहरात १००० चौरस फुटांपेक्षा मोठं पक्कं घर असेल तर नाही. आणि ३ हेक्टरपेक्षा जास्त कोरडवाहू किंवा तिच्या बरोबरीची धरली जाणारी बागायत असेल तर नाही. लोक साडेसात एकर म्हणतात. काटेकोर मोजलं तर ३ हेक्टर म्हणजे ७ एकर १६ गुंठे.

सीमेवर जमिनीचा एक खास घोळ असतो. घर निपाणी तालुक्यात, दोन एकर पलीकडे कागलात. इकडचा आरटीसी उतारा कर्नाटकाचा, तिकडचा सातबारा महाराष्ट्राचा, आणि लिहिताना फक्त इकडची जमीन लिहिली जाते. नियम कुटुंबाच्या एकूण जमिनीचा आहे. दोन्हीकडची धरूनही मर्यादेत बसत असाल तर लपवण्यात काहीच मिळत नाही, उलट पडताळणीत सापडलं की कार्ड जातं.

आयकराबद्दल सावध राहा. बँकेचं कर्ज मिळावं म्हणून एखाद्या वर्षी कुणाकडून तरी रिटर्न भरून घेतलेलं असतं, कर शून्य, आणि माणूस विसरूनही गेलेला असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर बीपीएल कार्डांची एपीएल झाली, तेव्हा ओरड झाली ती याच प्रकारांमुळे. नंतर कर भरणारे आणि सरकारी नोकर वगळून बाकीची कार्डं परत करायचं ठरलं. शून्य कराचं रिटर्न असेल तर त्याची छापील प्रत घरात ठेवा. नोटीस आली की तोच कागद उपयोगी पडतो.

कागदपत्रं

घरातल्या प्रत्येकाचं आधार, आधारशी जोडलेला चालू मोबाइल नंबर, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) काढलेला उत्पन्न दाखला (किंवा जात-उत्पन्न एकत्र दाखला), सहा वर्षांखालच्या मुलांचा जन्मदाखला, आणि पत्त्यासाठी हेस्कॉमचं वीजबिल, ज्यावर आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) असतो. असंघटित कामगार असाल आणि ई-श्रम नोंदणी केली असेल तर तो क्रमांकही. उत्पन्न दाखल्यावर आरडी नं सुरू होणारा क्रमांक असतो. अर्जात तोच भरतात, कागदाची झेरॉक्स नंतर. दाखला पाच वर्षं चालतो. जुना असेल तर तारीख आधी बघा, मुदत संपलेला आरडी क्रमांक संगणक घेत नाही.

नावाची गोष्ट, कारण बरेच अर्ज इथंच अडतात

संगणक माणूस बघत नाही, अक्षरं जुळवतो. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत ते डी-एन-वाय नं सुरू होतं. बेळगावच्या केंद्रावर कन्नड टंकणारा तेच जे-एन-ए असं लिहितो, कारण कन्नडात ज्ञ चा उच्चार तसा. बँकेत कुणीतरी जी-वाय-ए घातलेलं असतं. तिन्ही एकच माणूस, संगणकाला तिघं. त्यात आपल्याकडे नाव, वडील, आडनाव असं सलग लिहायची पद्धत. इकडच्या दाखल्यात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात नुसतं 'ज्ञानेश्वर' उरतं.

उपाय एकच: आधारचं इंग्रजी स्पेलिंग पाया धरायचं आणि उत्पन्न दाखला काढतानाच ते एक-एक अक्षर वाचून टंकून घ्यायचं. पडद्यावर कन्नडात काय आलंय ते वाचता येत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा, लाजू नका. आधारच चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा, पण विचार करून: नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. मुलीचं लग्न ठरलेलं असेल तर स्पेलिंगच्या बारीक चुकीसाठी त्यातली एक संधी घालवू नका.

दुसरी गाठ सुनेची. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल इथल्या मुली खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणीत येतात. माहेरच्या महाराष्ट्राच्या कार्डावर नाव तसंच राहतं. आधार क्रमांक एका वेळी एकाच कार्डावर चालतो, मग ते राज्य कुठलंही असो. इकडचा अर्ज 'आधीच नोंद आहे' म्हणून परत येतो आणि केंद्रावरचा पोरगा 'सर्व्हर डाऊन' सांगून मोकळा होतो. आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, नोंद ऑनलाइनही निघाल्याची खात्री करा, मग इकडे नाव घालायचा अर्ज द्या. नुसता कागद हातात असून भागत नाही, तिकडच्या यादीतून आधार सुटलं पाहिजे.

कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सर्वांत थोरली बाई लावायची, हा अन्न सुरक्षा कायद्याचाच नियम. इथं सासूचं नाव लावायचं की सुनेचं यावरून भांडणं होतात, कारण राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये प्रमुख बाईच्या खात्यात येतात. थोरली सासू असेल तर सासूच. खरोखर चूल वेगळी असेल तर वेगळं कार्ड मागा. नुसतं कागदावर विभक्त व्हाल तर पडताळणीला घरी येणारा माणूस एकच गॅस शेगडी बघून शेरा मारतो.

अर्ज

खेड्यात ग्राम वन, शहरात बेळगाव वन किंवा कर्नाटक वन केंद्र. नवीन बीपीएलची खिडकी बारमाही उघडी नसते. आहार खातं (राज्याचं अन्न व नागरी पुरवठा खातं) अधूनमधून पोर्टल चालू करतं, तेही ठरावीक तासांपुरतं, आणि त्या वेळात सगळं राज्य एकदम घुसतं. म्हणून कागद तयार ठेवून केंद्रचालकाला नंबर देऊन ठेवावा. आजारपणात तातडीनं बीपीएल लागत असेल तर दवाखान्याचे कागद घेऊन थेट तहसील कचेरीतल्या आहार विभागात जा, अशा प्रकरणांना वेगळी वाट आहे. नाव घालणं, काढणं, पत्ता बदलणं यांची मुभा नव्या कार्डापेक्षा जास्त वेळा मिळते.

अर्ज भरताना अंगठा लावावा लागतो, त्यामुळे मोठी माणसं सोबत न्या. पोचपावतीचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पुढे पडताळणीसाठी तलाठी किंवा आहार निरीक्षक येतो; त्या दिवशी घराला कुलूप असेल तर अर्ज तसाच पडून राहतो, म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवा. कार्डाची स्थिती आहार खात्याच्या संकेतस्थळावर पोच क्रमांकानं दिसते.

कार्ड हातात आलं तरी ई-केवायसी (अंगठा लावून आधारवर ओळख पटवणं) रेशन दुकानात प्रत्येकानं करायची असते. तंबाखूच्या वखारीत, वीटभट्टीवर, ऊसतोडीत राबलेल्या हातांचे ठसे झिजतात. दहाही बोटं करून बघा, हात धुऊन कोरडे करून बघा, तरी उठलं नाही तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्यानं घ्या. मुलांचं ५ आणि १५ वर्षांनंतर अद्ययावत करावंच लागतं. दहावीतल्या पोराचा अंगठा लागत नाही म्हणून तक्रार येते तेव्हा बहुतेक कारण हेच असतं. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड स्थगित होतं आणि पडताळणीनंतरच पुन्हा चालू होतं.

ऊसतोडीला आलेल्या किंवा निपाणीत राहणाऱ्या महाराष्ट्राच्या कार्डधारकानं इथं नवं कार्ड काढायची गरज नाही. १ जानेवारी २०२० पासून दोन्ही राज्यं एक देश एक रेशन कार्ड योजनेत आहेत. केंद्राचं ५ किलो इथल्या कुठल्याही दुकानात अंगठ्यावर मिळतं, अर्धं कुटुंब गावी आणि अर्धं फडावर असेल तर वाटून उचलता येतं. अन्नभाग्यचं जादा मात्र मिळत नाही, तो कर्नाटकाचा पैसा. अडचण आली तर १४४४५ या मदत क्रमांकावर फोन करा.

जमावबंदी आणि 'लोड आला नाही'

बेळगावला १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास आणि सुवर्णसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनात जमावबंदी नवीन नाही. पूर्वी ते कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यापुढे राज्य सरकारलाच वाढवावा लागतो. आदेशात लिहिलंय तेवढंच बंद असतं. रेशन वाटप बंद असा स्पष्ट उल्लेख नसेल तर दुकान उघडं असायला हवं. रांग लांब असेल तर राज्यातलं दुसरं कुठलंही दुकान चालतं.

दुकानदार 'लोड आला नाही', म्हणजे धान्याची गाडी आली नाही, म्हणाला तर वाद घालू नका, फलकावरचा साठा वाचा आणि तारीख लिहून ठेवा. हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारनं अन्न सुरक्षा भत्ता द्यावा असं कायद्याचं कलम ८ सांगतं, पण तुम्ही दुकानात गेला होता हे दिसलं पाहिजे. आधी १९६७ या मदत क्रमांकावर फोन, मग तहसीलदारांकडे लेखी, मग जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, शेवटी राज्य अन्न आयोग. धान्य बाहेर विकलं जातंय असा प्रकार असेल तर तसं स्पष्ट लिहा. अत्यावश्यक वस्तू कायद्यात त्याला ३ महिने ते ७ वर्षं कैद आहे.

तक्रार मराठीत देता येते. राज्यघटनेचं कलम ३५० केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. तरी व्यवहार म्हणून कार्ड क्रमांक, दुकान क्रमांक, महिना आणि किती किलो कमी मिळालं एवढ्या चार ओळी कन्नडात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडा, नाहीतर टेबलावरचा माणूस 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला ठेवतो. आणि यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या. पावतीवर २५ किलो आणि पोत्यात २३ असतील तर तिथंच, काट्यावर परत ठेवून, मोजून घ्यायचं. घरी आल्यावर त्या दोन किलोंना पुरावा उरत नाही.