ड्रम घसरतोय? रोलरला काहीबाही गुंडाळायच्या आधी हे वाचा

आमच्याकडनं टम्बलर ड्रम नेलेल्या आणि दुसरीकडून आणून आमच्याकडं रिपेरीला टाकणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी हे पत्रक आहे. मार्च लागला की फोन सुरू होतात, "मोटर फिरतीय, रोलर फिरतोय, ड्रम काय फिरंना झालाय." फोनवर सगळं सांगता येत नाही, शेजारी टॉवेलच्या लूमचा खडखडाट असतो, तुम्ही एक बोलता आम्हाला दुसरंच ऐकू येतं, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

नवीन माणसासाठी थोडक्यात. टॅनिंग होऊन (म्हणजे कमावून) तेल लावलेलं कातडं अर्धवट ओलं अन् ताठ असतं, ते लाकडाच्या भुशात घालून ड्रममधे फिरवलं की भुसा जादा तेल आणि ओल ओढून घेतो, कातडं वर जाऊन खाली आपटत राहतं आणि मऊ पडतं, केस मोकळे होतात. ड्रम दोन रोलरवर आडवा टेकलेला असतो, त्यातला एक रोलर मोटर बेल्टनं फिरवते, त्याच्या पकडीवर ड्रम फिरतो, दुसरा रोलर नुसता आधाराला असतो. प्राण्यात पेंढा भरणारे म्हणजे टॅक्सिडर्मीवाले हाच ड्रम वापरतात आणि उस्मानाबादी शेळीची, मेंढीची केसासकट कातडी तयार करणारे पण हाच. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नान्नजच्या माळावरचं काळवीट असो नाहीतर शेतात मेलेला मोर असो, त्याचं कातडं घेऊन "ट्रायल घेऊन बघू" म्हणत आमच्या दारात येऊ नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मेलेलं सापडलं तरी आधी फॉरेस्टवाल्यांना कळवायचं. 

आता घसरण्याकडं येऊ. पहिली गोष्ट, नक्की काय घसरतंय ते बघा. दहातले निम्मे लोक ड्रमला शिव्या घालतात आणि घसरत असतो बेल्ट, नाहीतर पुलीचा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला आवळून धरणारा बारीक स्क्रू) ढिला होऊन पुली शाफ्टवर नुसतीच गरगरत असते. शाळेतला खडू घ्या. मशीन बंद करून, प्लग काढून, पुली आणि शाफ्ट दोन्हीवरून जाईल अशी एक रेघ ओढा, ड्रमवर एक मोठी खूण करा. दोन मिनिटं चालवा, परत बंद करा. पुलीवरची रेघ तुटली तर ग्रब स्क्रू किंवा चावी (पुली-शाफ्टच्या खाचेतली लोखंडी पट्टी) गेली, ड्रमचा काही दोष नाही. रेघ जागेवर असेल तर घड्याळ लावून ड्रमचे फेरे मोजा. आमचा ३६ इंची ड्रम, त्याचा हिशोब सोपा आहे: मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, मोटरवर ३ इंची पुली आणि रोलरच्या शाफ्टवर १२ इंची, म्हणजे रोलर मिनिटाला ३६०, रोलर ३ इंचाचा म्हणून ड्रम मिनिटाला ३० फेरे. तुमचा २२ भरला तर मधे कुठंतरी ८ फेरे गळतायत. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबत असेल तर आधी तो ताणा, बेल्टच्या कडा चकाकत असतील तर बदलूनच टाका, त्या कामाला आमच्याकडं यायची गरज नाही.

बेल्ट ठीक आहे आणि तरी घसरतंय, मग रोलर बघा. बारीक भुसा आणि कातड्याची चरबी एकत्र होऊन रोलरच्या रबरावर एक थर बसतो, सुकला की तो काचेसारखा गुळगुळीत होतो, नखानं खरवडलं तर तपकिरी साल निघते. आपल्या सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमधे तर रबर आणखी कडक होतं आणि मग घसरण वाढते, म्हणून फोन मार्चनंतर येतात. थर कोरड्या फडक्यानं घासून काढा, मग स्पिरिटचा बोळा फिरवा (विडी बाजूला ठेवून, भुसा उडतोय तिथं आग लागायला वेळ लागत नाही), वाळला की ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं रोलर आडवा घासा, उभा नाही. ड्रमवर जिथं रोलर टेकतो तो पट्टा पण असाच साफ करा, लोक रोलर लखलखीत करतात आणि ड्रमचा पट्टा तसाच तेलकट ठेवतात, दुसऱ्या दिवशी परत तेच. रॉकेल, डिझेल लावू नका, रबर फुगतं. राळ टाकून पकड येते हे खरं आहे, पण तीच राळ उडून भुशात आणि भुशातून केसात जाते, मग केस चिकट झाले म्हणून आमच्याच नावानं बोंब. 

गुंडाळण्याचं आता सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ट्यूबची एक पट्टी रोलरवर सोल्युशन लावून चिकटवली तर काही बिघडत नाही, चांगलीच पकड येते. पण बार्शीकडचे एक गिऱ्हाईक, ट्रकच्या जाड ट्यूबचे एकावर एक पाच वेढे देऊन बसले. ३ मिलीमीटरचे पाच वेढे म्हणजे रोलरचा व्यास ७६ वरून १०६ मिलीमीटर झाला, ड्रम ३० चा ४२ च्या आसपास फिरायला लागला. ३६ इंची ड्रम साधारण ४४ फेऱ्यांवर गेला की आतला माल वरून खाली पडतच नाही, भिंतीला चिकटून गोल गोल जातो. त्याच्या जवळ गेलं तरी काम बिघडतंच. त्यांचं कातडं चार तास जवळजवळ भिंतीला चिकटूनच फिरलं, आहे तसंच ताठ बाहेर आलं, आणि वर मला म्हणतात भुसा खराब दिलाय.

आणि एक गोष्ट, जी कुणी बघतच नाही. ड्रम कुठल्या बाजूला फिरतोय? मोटरचा जो रोलर असतो तो माल ज्या बाजूनं वर चढतो त्या बाजूला पाहिजे. समोरून बघितलं आणि ड्रम घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असला तर माल डावीकडं चढतो, मग ड्राइव्हचा रोलर डावीकडचा पाहिजे. का, तर चढलेला माल ड्रमचं वजन त्याच बाजूच्या रोलरवर टाकतो, दाब वाढला की पकड वाढते. उलटं असलं तर ओढ जितकी जास्त तितका ड्राइव्हचा रोलर हलका पडतो, म्हणजे माल भरला की घसरणार, रिकामा मस्त फिरणार. तुमचं अगदी असंच होतंय का ते बघा. असलं तर खर्च शून्य, मोटर उलटी फिरवायची. थ्री फेजला दोन वायरी बदलल्या की झालं, सिंगल फेजला स्टार्टिंग वाइंडिंगच्या वायरी बदलाव्या लागतात, ते वायरमनलाच करू द्या.

तरी नाही भागलं तर दोन रोलरमधलं अंतर. रोलर जवळ जवळ असले की ड्रम नुसता वर टेकतो, लांब असले की मधे बसतो आणि रोलरला दाबून धरतो. ३६ च्या ड्रमला आम्ही मध्य ते मध्य १८ इंच ठेवतो, ते २७ केलं तर दाब साधारण सव्वापट होतो. त्याच्या पुढं जाऊ नका, बेअरिंग ओरडायला लागतात आणि लाकडी ड्रम असला तर त्याच्या फळ्यांवर पण जोर येतो. अंतर बदलताना दोन्ही टोकांना टेप लावून मोजा, एका बाजूला २७ आणि दुसऱ्या बाजूला साडेसव्वीस असलं तर ड्रम हळूहळू एका बाजूला सरकत जाऊन फ्रेमला घासणार, मग घासल्यामुळं घसरतोय का घसरल्यामुळं घासतोय हे कळायला परत आमच्याकडंच यावं लागणार. दुसरा नुसता फिरणारा रोलर हातानं फिरवून बघा, भुसा बेअरिंगमधे जाऊन तो जाम झालेला असतो आणि ड्रमला मागं ओढत असतो, लोकांना वाटतं मोटर कमी पडतीय.

भरण्याचं एकच सांगतो, भुसा आणि कातडं मिळून ड्रम अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका. अर्ध्याच्या वर मालाला पडायला जागाच उरत नाही, घसरण तर होतेच पण काम पण होत नाही.

हे सगळं करून पण घसरलं तर रोलरचं रबर संपलंय असं समजा. ते आम्ही नव्यानं चढवून देतो, नायट्राइलचं घ्या, थोडं महाग पडतं पण चरबीनं फुगत नाही, साधं रबर चरबी लागून फुगतं आणि मग परत तेच रडगाणं. रोज दहा तास चालवणाऱ्यांसाठी ड्रमला चेन-स्प्रॉकेट पण बसवून देतो, घसरायचा प्रश्नच मिटतो, पण कातडं कुठं अडकलं तर रोलर घसरून ड्रम थांबतो तसा चेनवाला थांबत नाही, हे माहीत असू द्या.

अख्खा ड्रम टेम्पोत घालून आणायची गरज नाही, फक्त रोलर काढून आणा, सोबत ड्रमचा बाहेरचा घेर, रोलरमधलं अंतर आणि मिनिटाचे फेरे कागदावर लिहून आणा. आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहोत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात मात्र काम टाकू नका, आमची पोरं तिकडंच असतात.