वॉर मेडल की इंडिया सर्व्हिस मेडल?

पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेली दुसऱ्या महायुद्धातली ही दोन मेडलं समोरून पाहिली, तर फरक कळत नाही. दोन्ही ३६ मिलिमीटरची, दोन्हींवर सहाव्या जॉर्जचं मुकुटधारी डोकं. धातू तांबं-निकेलचा, चांदी नव्हे.

मेडल उलटं करा. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर पाय रोवून उभा असेल, तर ते वॉर मेडल १९३९–४५. अखंड हिंदुस्थानचा उठावदार नकाशा, वर 'इंडिया' अशी इंग्रजी अक्षरं आणि खाली १९३९–४५ असेल, तर ते इंडिया सर्व्हिस मेडल. फीत मूळची असली तर तीही सांगते: वॉर मेडलची लाल-निळी-पांढरी, मधोमध बारीक लाल पट्टा, इंडिया सर्व्हिस मेडलची गडद निळी, तिच्यावर फिकट निळे पट्टे. पण फिती झिजतात, बदलल्या जातात, कधी अदलाबदलही होते. म्हणून भरवसा मागच्या बाजूवर ठेवावा.

खरा घोळ अर्थाचा आहे. वॉर मेडलला ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात २८ दिवसांची पूर्णवेळ नोकरी पुरे होती, मग ती कुठेही झालेली असो. इंडिया सर्व्हिस मेडल १९४६ साली सुरू झालं. त्याला याच काळात हिंदुस्थानातच, लढाईबाहेरची, तीन वर्षांची नोकरी लागे. बेळगावच्या मराठा सेंटरवर रंगरूट घडवणारा हवालदार त्यात बसे. म्हणजे 'बर्माच्या लढाईचं मेडल' म्हणून घरोघर दाखवलं जाणारं नकाशाचं मेडल लढाईचा पुरावा नाही, आणि सिंहाचंही एकट्यानं नाही. आघाडी सांगतो तो सहा टोकांचा स्टार: बर्मा स्टार, इटली स्टार.

याने त्या माणसाची किंमत तसूभरही कमी होत नाही. पंचवीस लाखांची ती हिंदुस्थानी फौज सक्तीच्या भरतीवर उभी नव्हती, आणि मागचे दारूगोळा, रेशन न पोचवते तर पुढचे टिकलेच नसते.

एकाच माणसाकडे दोन्ही मेडलं असू शकतात. लावताना वॉर मेडल आधी, इंडिया सर्व्हिस नंतर. चिंच किंवा राख लावून घासू नका. नकाशाचा उठाव झिजतो आणि काठावर नंबर-नाव ठोकलेलं असेल तर तेही जातं. काठ भिंगातून, तिरप्या उजेडात वाचा. नंबर मिळाला तर त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारता येतं. नाव नसलं, म्हणून मेडल खोटं ठरत नाही.