जाड वीज-केबल कापणे व सोलणे

जाड वीज-केबल हव्या त्या लांबीला तोडून तिच्या टोकावरची आवरणे एकेक करून उतरवणे आणि आतला वाहक लग (टोकावर दाबून बसवायची, बोल्टचे भोक असलेली धातूची नळी) बसवण्याजोगा उघडा करणे, याला तारकामात केबलचे ‘एंड तयार करणे’ म्हणतात. घरातल्या दीड-अडीच चौ. मिमी. तारेला साधी पक्कड आणि छोटा स्ट्रिपर पुरतो. या नोंदीत विचार केला आहे तो २५ ते ४०० चौ. मिमी. वाहकांच्या, मुख्यतः ॲल्युमिनियमच्या आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवच असलेल्या, केबलचा. रोहित्रापासून सोसायटीच्या मीटरखोलीपर्यंत किंवा कारखान्यातल्या पॅनेलपर्यंत बहुधा हीच केबल आलेली असते.

कमी विद्युतदाबाच्या अशा केबलमध्ये सर्वांत आत पिळलेल्या तारांचा वाहक असतो. त्यावर पीव्हीसीचे किंवा एक्सएलपीईचे (एक प्रकारचे पॉलिथिन) निरोधन, मग सगळे कोअर (निरोधनासह एकेक वाहक) एकत्र बांधणारे आतले आवरण, त्यावर जस्तलेपित पोलादाचे आर्मर आणि सर्वांत वर पीव्हीसीचे काळे आवरण. ‘साडेतीन कोअर १८५’ म्हणजे लाल, पिवळ्या व निळ्या फेजला प्रत्येकी १८५ चौ. मिमी. आणि काळ्या न्यूट्रलला ९५. बाहेरच्या आवरणावरची अक्षरे वाचता आली तर आत काय लागणार हे आधीच कळते. ए२एक्सएफवाय यातला ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम, ‘२एक्स’ म्हणजे एक्सएलपीई आणि ‘एफ’ म्हणजे आर्मर चपट्या पट्ट्यांचे. गोल तारांचे आर्मर असेल तर ‘एफ’च्या जागी ‘डब्ल्यू’ येतो. एक्सएलपीई केबलसाठी आयएस ७०९८ आणि पीव्हीसी केबलसाठी आयएस १५५४ ही भारतीय मानके आहेत.

जुनी केबल तोडताना पहिला प्रश्न हत्याराचा नसतो. ती केबल तीच आहे का, हा असतो. एका चरात चार-पाच केबली शेजारी शेजारी असतात आणि मातीने सगळ्यांचा रंग सारखाच झालेला असतो. पुरवठा बंद करणे, स्विचला कुलूप लावणे, दाब नसल्याची खात्री करणे आणि केबल अर्थ करून तिच्यात साठलेला विद्युतभार उतरवणे, हा क्रम टाळता येत नाही. उच्च दाबाच्या केबलवर त्यापुढे जाऊन दूरवरून चालवायच्या स्पायकिंग यंत्राने खिळा आरपार मारतात. ओळखण्यात चूक झाली असेल तर फटका यंत्राला बसतो.

तोडण्यासाठी तीन हत्यारे प्रचलित आहेत. रॅचेट कटरची वक्र पाती दर दाबाला एकेक दाता पुढे सरकतात, त्यामुळे एकट्या माणसालाही जाड कोअर तोडता येतो आणि कापाचे तोंड फारसे चेपत नाही. मात्र असे बहुतेक कटर तांबे-ॲल्युमिनियमपुरतेच असतात. त्यांनी पोलादी आर्मर तोडायला गेले की पात्याची धार तुटते, आणि पुढचा प्रत्येक काप फाटका येतो. आर्मरसकट तोडायचे तर पोलादासाठी बनवलेला हायड्रॉलिक कटर लागतो, नाहीतर सरळ हॅक्सॉ. हॅक्सॉ काही कमी दर्जाचे हत्यार नाही. बारीक दात्यांचे नवे ब्लेड असेल तर काप काटकोनात येतो. फक्त कीस तारांमध्ये अडकतो, तो झटकून काढावा लागतो. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी टेप गुंडाळतात, म्हणजे तारा पिंजारत नाहीत.

सोलताना सगळे कौशल्य खोलीचे आहे. वरचे आवरण पूर्ण निघाले पाहिजे आणि खालच्याला ओरखडाही येता कामा नये. फिरत्या पात्याच्या स्ट्रिपरमध्ये पाते किती बाहेर यावे हे स्क्रूने ठरवता येते. आधी गोल फिरवून कडे पाडायचे, मग पाते वळवून लांबीचा छेद द्यायचा. बांधकामाच्या जागेवर मात्र अजूनही हॅक्सॉचे मोडके ब्लेड घासून, मागच्या टोकाला टेप गुंडाळून केलेली सुरीच दिसते. मुरलेल्या जॉइंटरच्या (केबल जोडणाऱ्या कारागिराच्या) हातात ती चालते, कारण तो आवरण शेवटपर्यंत कापतच नाही. थोडी जाडी शिल्लक ठेवून केबल वाकवतो आणि आवरण रेषेवर आपोआप उकलते. नवख्याच्या हातात तीच सुरी निरोधनात शिरते.

आर्मर काढण्याची युक्ती वेगळी आहे. पट्टी किंवा तार हॅक्सॉने आरपार कापायची नाही, निम्म्यापर्यंत खाच पाडायची आणि पकडीने पुढे-मागे वाकवून मोडायची. आरपार कापले तर ब्लेड आतल्या आवरणात उतरते. आर्मर किती ठेवायचे हे ग्लँडवर (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे तिला घट्ट धरणाऱ्या धातूच्या भागावर) ठरते. डबल कॉम्प्रेशन ग्लँडमध्ये ते शंकूवर पसरून दाबले जाते, आणि तिथूनच आर्मरची अर्थ-जोडणी होते. त्यानंतर आतले आवरण आणि भरणीचे धागे काढताना पात्याची धार कोअरपासून बाहेरच्या बाजूला ठेवतात.

कोअरचे निरोधन लगच्या नळीच्या लांबीपेक्षा काही मिलिमीटर जास्त सोलतात. इथला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे लगमध्ये वाहक बसत नाही म्हणून कडेच्या तारा छाटणे. १९ तारांच्या वाहकातल्या तीन छाटल्या तर जवळजवळ १६ टक्के छेद गेला. तेवढ्या जागी लगची मान तापते आणि पुढचे निरोधन करपत जाते. तारेवर पडलेली नुसती खाचही पुरेशी असते, कारण ॲल्युमिनियम खाचेवर वाकवले की तिथेच तुटते. मोठे कोअर पुष्कळदा पाचरीच्या आकाराचे असतात. त्यांना आधी डायमध्ये गोल करून घ्यायचे, छाटायचे नाही. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून तारेच्या ब्रशने घासून लागलीच जोडणीची पेस्ट लावतात आणि मग लग, म्हणजे साइटवरच्या भाषेत थिंबल, हायड्रॉलिक यंत्राच्या षट्कोनी डायने दाबतात. पहिला दाब बोल्टच्या भोकाकडच्या बाजूला, पुढचे केबलकडे.

११, २२ किंवा ३३ केव्हीच्या केबलला याच कामाची जात बदलते. निरोधनावर अर्धवाहक पदार्थाचा काळा थर असतो. तो ठरलेल्या रेषेपर्यंत काढून तिथे स्ट्रेस कंट्रोलची नळी बसवतात, कारण त्या कडेवर विद्युतक्षेत्र एकवटते. काही केबलींवर हा थर सोलून निघतो, काहींवर तो चिकटलेला असतो आणि खास हत्याराने तासून काढावा लागतो. काळा ठिपका उरला किंवा पात्याची रेघ निरोधनात उतरली, तर तिथे अंशतः विसर्जन (पार्शल डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या) सुरू होते. केबल चाचणीत पास होते आणि वर्ष-दोन वर्षांनी टर्मिनेशन (टोकाची जोडणी) फुटते. म्हणून शेवटी पृष्ठभाग विद्युतवाहक नसलेल्या पॉलिश कागदाने घासून, द्रावकाने कोअरच्या टोकाकडून थराकडे एकाच दिशेने पुसतात. उलट पुसले तर काळी पूड निरोधनावर पसरते.

तोडलेल्या टोकाला उष्णतेने आकसणारी टोपी लगेच घालावी लागते. महाराष्ट्रात केबल टाकण्याची घाई नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर असते, आणि चरात उघडे सोडलेले टोक तारांमधल्या फटींतून पाणी आतवर ओढून घेते. उच्च दाबाच्या एक्सएलपीई केबलमध्ये त्या ओलीने पुढे निरोधनात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म भेगा वाढतात. ओल गेलेला तुकडा कोरड्या वाहकापर्यंत छाटूनच टाकावा लागतो, आणि त्यासाठी लांबीत सुरुवातीलाच हात सैल सोडलेला असावा लागतो.

हे काम आयटीआयच्या वीजतंत्री व तारतंत्री अभ्यासक्रमांत शिकवले जाते. उच्च दाबाचे जोड मात्र स्वतंत्र तालीम घेतलेले जॉइंटरच करतात. ग्लँड आणि लग बसल्यावर कमी दाबाच्या केबलची फेज-फेज आणि फेज-अर्थ अशी १,००० व्होल्टच्या मेगरने (निरोधनाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासणी होते. चाचणीनंतर प्रत्येक कोअर अर्थला टेकवून मगच हात लावतात.