राणी छाप रुपया मोडायला आणण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की पेढीवर राणी छाप रुपये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेली चांदीची जुनी नाणी, घेऊन येणारे वाढतात. कुणाला आजीच्या डब्यात सापडलेले असतात, कुणाच्या वाटणीत आलेले. पहिला प्रश्न ठरलेला: "याचे किती येतील?" एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण या नाण्याला दोन किमती आहेत, एक चांदीची आणि एक छापाची, म्हणजे संग्राहक देतात ती. दोन्ही समजून घेतल्यात तर आमच्याशीच नव्हे, कुठल्याही सराफाशी नीट बोलता येईल.

१८३५ पूर्वी आपल्याकडे एक रुपया नव्हताच. चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी, पुण्याकडचा अंकुशी, गुजरातकडून येणारा सुरती, असे कितीतरी. प्रत्येकाचे वजन आणि कस (चांदीची शुद्धता) वेगळा. परमुलखातला रुपया चालवायचा तर सराफ बट्टा, म्हणजे बदलून देण्याची कपात, कापून घेई. (आमच्या धंद्याची भरभराट त्यावरच झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.) १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि १२ भागांत ११ भाग चांदी. हे वजन बरोबर एक तोळा. त्यामुळे तराजूत वजन म्हणूनही रुपयेच टाकत. ८० रुपयांचा एक शेर.

त्या काळी कुणीही मुंबईच्या टाकसाळीत चांदी नेऊन द्यावी आणि थोडी घडणावळ वजा करून रुपये घ्यावेत, अशी सोय होती. म्हणून रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत जवळपास सारखीच राही. पुढे जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन धरले, अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि भाव कोसळले. १८७० च्या सुमारास एका रुपयाला साधारण २४ पेन्स (पौंडाचे २४० पेन्स) मिळत, ते १८९३ पर्यंत १५ पेन्सच्या आसपास आले. लंडनला पेन्शन आणि व्याज पौंडात चुकवणाऱ्या सरकारला दरवर्षी जास्त रुपये मोजावे लागू लागले. अखेर २६ जून १८९३ रोजी टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. पुढे रुपया १६ पेन्सवर, म्हणजे १५ रुपयांना एक सॉव्हरिन (एका पौंडाचे सोन्याचे नाणे) असा बांधला गेला.

नाणे तेच, वजन तेच. पण आता रुपया त्यातल्या चांदीपेक्षा महाग झाला. झळ बसली ती रुपये नव्हे, वाळे-तोडे साठवणाऱ्यांना. १८९६-९७ च्या दुष्काळात शेतकऱ्याने चांदीचे डाग (दागिने) विकायला काढले, तर त्या चांदीचे रुपये पाडून मिळण्याची वाट बंद झालेली होती.

आज गणित पुन्हा उलटे आहे, चांदी रुपयापेक्षा महाग. या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. मोडीचा भाव त्यावरच निघतो आणि तो रोज बदलतो.

छापाची किंमत मात्र नाण्यागणिक वेगळी. मुकुट नसलेली राणी १८४० ची. मागे कंपनीचे नाव आणि फारसी अक्षरे. मुकुटातली राणी १८६२ पासून. १८७७ पासून 'राणी' (Queen) या किताबाच्या जागी 'सम्राज्ञी' (Empress) असा किताब आला. १८६२ साल दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. टाकसाळींनी तेच साल १८७४ येईपर्यंत ठशावर तसेच ठेवले होते, त्यामुळे ही नाणी भरपूर आहेत. मुंबईच्या काही नाण्यांवर सालाखाली बारीक ठिपके असतात. जाणकार भिंगातून ते मोजतात, आणि कधी कधी सगळा फरक तिथेच पडतो.

कडी झाळलेला, भोक पाडलेला किंवा घासलेला रुपया संग्राहक घेत नाहीत. तो मोडीतच जातो. म्हणून कळकळीची विनंती: लक्ष्मीपूजनासाठी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका. काळपटपणा राहू द्या. पूजेला काळा रुपयाही चालतो.

नकली नाणीही खूप फिरतात. रुपया लोहचुंबकाला चिकटला किंवा वजन फारच कमी भरले तर शंका घ्या. थोडी झीज असतेच. कस आम्ही तुमच्यासमोर तपासतो, नाणे न कापता.

फोनवरून "रिझर्व्ह बँक जुने नाणे लाखांना घेते, आधी कमिशन भरा" असे कुणी सांगितले तर फोन ठेवून द्या. बँक असा व्यवहार करत नाही. २०२१ मध्ये तिनेच तसा इशारा दिला आहे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशातल्या लेकीला ते कुरिअरने पाठवता येत नाही आणि सामानातूनही नेऊ नये. वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरचुंडी सापडली, तर आमच्याकडे येण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ चा कायदा त्यासाठीच आहे.

आणताना रुपये एका पिशवीत खुळखुळत आणू नका. प्रत्येक रुपया वेगळ्या कागदात गुंडाळा आणि कडेला धरून हाताळा.