आधी रान बघा, मग टायर

माझा मामेभाऊ कराडजवळ राहतो. शेती कृष्णेकाठच्या काळ्या रानात, सासुरवाडी पाटणच्या वर डोंगरात, आणि कामासाठी आठवड्यातून दोनदा हायवेनं साताऱ्याला जाणं. गेल्या वर्षी त्यानं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी घेतली. महिन्याभरात फोन आला, "दादा, तेहतीस इंची टायर टाकतोय. चिखल असू दे नाहीतर धोंडे, गाडी थांबायची नाही." मी विचारलं, "आत्ता कुठं थांबते?" तर म्हणाला, "उसाच्या बांधावर, पहिल्या पावसात." मग एका रविवारी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. साताऱ्याकडं टायरचा विचार मातीपासून सुरू करावा लागतो, हे त्या दिवशी मला नव्यानं पटलं.

आधी एक साधा हिशेब. माणसांसकट १८०० किलो भरणारी गाडी आहे आणि टायरमध्ये ३५ पीएसआय हवा आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो दाब. हे वजन पेलायला चारही टायर मिळून जमिनीला साधारण ७२० चौरस सेंटीमीटर टेकतात. ए-फोरचा एक कागद ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. वेग घेणं, वळणं, ब्रेक लागणं, चढ चढणं, सगळं या कागदाहून थोड्याच मोठ्या जागेवर चालतं. आणि ही जागा मुख्यतः ठरते ती वजन आणि हवेच्या दाबावर. टायर रुंद घेतला पण हवा तेवढीच ठेवली, तर टेकणारा भाग रुंद होतो पण आखूडही होतो. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. तेच हवा १८ पीएसआयवर आणली की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं, टायर लांबट पसरतो. खिशातून एक रुपया न जाता.

हा फायदा कुठल्या रानात किती, हे मातीवर आहे. चाक मातीला मागं ढकलतं म्हणून गाडी पुढं जाते. मातीनं तो रेटा सहन केला तर ठीक. ती तुटली तर चाक जागच्या जागी फिरतं. मातीची ही ताकद दोन गोष्टींची बनते, हे फ्रेंच अभियंता कूलॉम यानं अठराव्या शतकातच मांडलं. एक म्हणजे कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याचा चिकटपणा, दुसरं म्हणजे वरच्या वजनामुळं कणाकणांत होणारं घर्षण.

कृष्णाकाठची काळी माती बेसॉल्ट झिजून झाली. तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. पापडांच्या चळतीसारखी तिच्या थरांची रचना, आणि पाणी या थरांच्या मध्ये शिरतं. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्ण भिजलेल्या काळीत वरून वजन टाकलं तर ते कणांवर न पडता बराच वेळ मधल्या पाण्यावरच पडतं, आणि पाण्याला घर्षण कुठलं? उरतो तो फक्त चिकटपणा. तो जितक्या जास्त क्षेत्रफळावर वापरता येईल तितकी पकड. म्हणजे काळ्या रानात गाडीत पोती भरून उपयोग नाही. टायर पसरला पाहिजे. मामेभावाची गाडी ज्या बांधावर रुतली होती, तिथं टायरमध्ये हायवेचीच हवा होती.

मुरमाचं गणित उलटं. पाटणच्या वरच्या वाटांवर मुरूम, खडी, सुटे दगड. तिथं चिकटपणा नावालाही नाही, सगळी मदार घर्षणावर. वजन जास्त तर पकड जास्त. तिथं हवा थोडी कमी केली की टायर दगडाला कवेत घेतो आणि दणका कमी बसतो, फायदा तो.

तिसरी अवस्था लोक विसरतात. पश्चिमेकडं पुष्कळ ठिकाणी चिखल चार-सहा बोटंच असतो, खाली कडक मुरूम किंवा जांभा. तिथं रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर तो थर कापून खालच्या कडक तळाला जाऊन टेकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सहाच इंच रुंदीचे टायर होते, आणि त्या कुठं कुठं गेल्या हे सांगायला नको. आपल्याकडं ट्रॅक्टरवाले हे शास्त्र न शिकता पाळतात. भाताच्या खाचरात चिखलणीला ते लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात आणि डांबरीवर यायचं झालं की काढतात. एकच चाक सगळीकडं चालत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

आता तेहतीसच्या टायरकडं येऊ. मामेभावाच्या गाडीला कंपनीचा टायर २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंच. एकूण व्यास ७७४ मिलिमीटर येतो. त्याला हवा होता २८५/७५ आर १६, ज्याचा व्यास ८३४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तेहतीस इंच. व्यास ६० मिलिमीटरनं वाढला तरी गाडी उचलली जाते निम्मीच, ३० मिलिमीटर. पण ही ३० मिलिमीटर खरी आहे, तिला मी कमी लेखणार नाही. सस्पेन्शन उंच केलं तरी अखंड ॲक्सलचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, होता तिथंच राहतो. तो जमिनीपासून वर घ्यायचा तर टायरच मोठा लागतो. शिवाय मोठं चाक धोंड्यावर चढताना कमी तिरकं चढतं. ज्याला रोज नदीतल्या धोंड्यांतून जायचंय त्यानं जरूर घ्यावा.

त्याची किंमत मात्र दुकानातल्या बिलात दिसत नाही. व्यास पावणेआठ टक्के वाढला की तेवढ्याच टॉर्कवर, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोरावर, जमिनीवरची ओढ सुमारे सात टक्के घटते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये घाट चढताना गाडी थोडी म्हातारी झाल्यासारखी वाटते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ला असते. ब्रेक तोच, पण त्याला आता लांब दांड्याशी झुंजायचं असतं. आणि फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व त्रिज्येच्या वर्गानं वाढतं: टायरचं वजन समजा पावपट वाढलं आणि त्रिज्या आठ टक्के, तर त्याला फिरवायला आणि थांबवायला सुमारे ४५ टक्के जास्त जोर. त्यात पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो, मग गाडी उंच करायचं लिफ्ट किट, मग गुरुत्वमध्य वर. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालतं, तेही आहेच.

नक्षीचा प्रश्न मला आकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरच्या मोठ्या खाचा काळीत खरोखर कामाच्या. बारीक नक्षी दोन फेऱ्यांत चिकणमातीनं लिंपून गुळगुळीत होते. रुंद खाचेतला गोळा चाक फिरताना फेकला जातो. पण तोच टायर ओल्या डांबरावर मला भीतीदायक वाटतो. रबर डांबरातल्या खडीवर दबतं, पुन्हा उसळतं, आणि त्या दबण्या-उसळण्यात ऊर्जा खर्च होते म्हणून पकड मिळते. मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की ते बिघडतं. ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या हा पापुद्रा कापतात. मड टेरेनवर चिरा कमी आणि जमिनीला टेकणारं रबरही कमी. जुलैत धुक्यात यवतेश्वरचा किंवा केळघरचा घाट उतरणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

दुकानात गेल्यावर टायरच्या भिंतीवर आणखी वाचा. लोड इंडेक्स १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, १०४ म्हणजे ९००. डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीसकट पाचही एकाच मापाचे घ्या. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे हवी तेव्हाच चारही चाकांना ताकद जोडायच्या गाडीत, ती जोडली की पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो. चाकं कमीजास्त व्यासाची असली तर कडक रस्त्यावर ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी, पिळवटून निघते.

आणि एक रान असं आहे जिथं कुठलाच टायर नको. कासकडचे, चाळकेवाडीकडचे सडे. जांभ्याच्या कातळावर काही ठिकाणी बोटभरच माती, पावसाळ्यात त्यावर उथळ डबकी, आणि त्या डबक्यांत वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. एका चाकोरीनं डबक्याचं पाणी दुसरीकडं वळतं आणि डबकं लवकर आटतं. मामेभावानं हे ऐकून फोनमधले स्वतःचे दोन फोटो दाखवले, सड्यावर गाडी उभी करून काढलेले. मग काही न बोलता पुसून टाकले.

शेवटी त्यानं कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन घेतले आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप. जूनमध्ये बांधावर जाताना हवा १८ वर आणली. गाडी हळू, डुलत, पण न थांबता पार गेली. परत डांबरीला लागण्याआधी तो चाकापाशी बसून हवा भरत होता, आणि मी जवळ उभा होतो. कारण ८० च्या वेगात त्या टायरची भिंत सेकंदाला नऊ वेळा दुमडते, आणि हवा कमी असली की प्रत्येक दुमडीत उष्णता साठत जाते. "अजून किती?" त्यानं विचारलं. काटा २९ वर होता.