कार्डशीटची घडी का फाटते?

दिवाळीत आकाशकंदील करायला बसलं की घरात एक वाक्य हमखास कानावर येतं, "ह्याच्या हाताला वळणच नाही." घडी वाकडी गेली, काळ्या कार्डशीटवर पांढरी रेघ उमटली, की सगळा दोष हाताचा. मला हे पटत नाही. बऱ्याचदा चूक असते ती कागद कुठल्या दिशेने दुमडला याची, आणि ही दिशा नावाची भानगड कार्यानुभवाच्या तासाला कुणी सांगतच नाही.

कागद म्हणजे सेल्युलोजचे बारीक तंतू. कारखान्यात जवळपास ९९ टक्के पाणी असलेला लगदा धावत्या जाळीवर सोडतात, आणि ओढ्यात पडलेल्या काड्या जशा प्रवाहाच्या दिशेला वळतात तसे बरेचसे तंतू जाळीच्या दिशेने आडवे होतात. पाणी निघून गेलं की शेजारशेजारचे तंतू मुख्यतः हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. ह्या दिशेला समांतर घडी घातली तर ती तंतूंच्या मधून जाते आणि सरळ बसते, आडवी घातली तर तंतूच वाकवावे-मोडावे लागतात. पेपर एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा, ते ह्याचमुळे.

आता खरी मजा जाडीत आहे. कागद पूर्ण दुमडला की आतला थर जागच्या जागी राहतो, पण बाहेरच्या थराला अर्धवर्तुळ फिरून यावं लागतं, म्हणजे साधारण पाय (π, ३.१४) गुणिले जाडी एवढं जास्त अंतर. झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर जाड, त्याला ०.३ मिलिमीटर जास्त लागतं, तेवढं खपून जातं. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्ड ०.३५ मिलिमीटर धरलं तर हेच अंतर १ मिलिमीटरच्या वर जातं, आणि कागद तर दोन-चार टक्के ताणला की तुटतो! मग एकतर बाहेरचा थर फाटतो नाहीतर आतला चुरगळतो, आणि वरून रंगाचा किंवा चकचकीत लेप असेल तर तो आधी तडकतो, तीच ती पांढरी रेघ.

ह्यावर उपाय म्हणजे दुमडायच्या आधी रेघ दाबून घेणं. खाली जुन्या वर्तमानपत्राची घडी, वर स्टीलची पट्टी, आणि शाई संपलेलं बॉलपेन. दाबल्यामुळे कार्डाच्या आतल्या थरांमधले बंध तेवढ्या पट्ट्यात सुटतात, थर एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात, आणि दुमडताना आतले थर फुगून बाजूला होतात म्हणून बाहेरच्याला फार ताणावं लागत नाही. पण खाच पडते एका बाजूला आणि उंचवटा दुसऱ्या बाजूला, तर उंचवटा घडीच्या आत जायला हवा, खाच बाहेर राहायला हवी. जवळजवळ सगळे उलटं करतात, खाचेतच दुमडतात, कारण खाच म्हणजे घडीचा आतला कोपरा असं वाटतं. कटरने अर्धवट चिरणं वेगळं, त्यात तंतूच कापले जातात, घडी छान धारदार येते पण चार वेळा उघडमीट केली की सुटते.

जाडीचाच विषय निघालाय तर, कागदाला सातपेक्षा जास्त घड्या पडत नाहीत, आणि ते म्हणे सात हा दैवी आकडा असल्यामुळे, असलं काहीतरी व्हॉट्सॲपवर फिरत असतं. दैवी वगैरे काही नाही हो, दर घडीला जाडी दुप्पट होते आणि कागद अपुरा पडतो एवढंच. २००२ साली कॅलिफोर्नियातल्या ब्रिटनी गॅलिव्हन ह्या शाळकरी मुलीने टॉयलेट पेपरचा बाराशे मीटरच्या आसपास लांब पट्टा घेऊन १२ घड्या घातल्या आणि किती लांबी लागेल त्याचं सूत्रही मांडलं.

दिशा ओळखायची कशी? कार्ड आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवायचं, मोडायचं नाही, जिकडे कमी जोर लागेल तिकडची वाक दिशेला समांतर. कार्ड लांबट असेल तर फसायला होतं, म्हणून एक चौरस तुकडा कापून बघावं. दुकानदार मोठ्या शीटमधून जसे मावतील तसे ए-फोर कापतो, त्यामुळे एकाच रंगाच्या दोन कार्डांची दिशासुद्धा वेगळी निघू शकते, तेव्हा कंदिलाच्या सगळ्या पाकळ्या आखण्याआधी प्रत्येक शीट वाकवून बघा आणि मागे पेन्सिलीने बाण काढून ठेवा.