फॅमिकॉम कॅसेटींचा संग्रह

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम (फॅमिली कॉम्प्युटर) या व्हिडिओ गेम यंत्राच्या कॅसेटी मिळवणे, पारखणे आणि चालू स्थितीत जपणे, असा हा छंद. हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले आणि त्याचे उत्पादन २००३ पर्यंत चालले. त्यामुळे जपानमध्ये जुन्या कॅसेटी अजून विपुल आहेत. तोक्योच्या अकिहाबारा भागात त्यांची खास दुकाने आहेत.

भारतीय संग्राहकाने सुरुवात फॅमिकॉमपासूनच करावी, याला सबळ कारण आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आलेली पुष्कळशी यंत्रे फॅमिकॉमच्याच नकला होत्या. फॅमिकॉममध्ये अनधिकृत कॅसेट अडवणारी चिप नव्हती, म्हणून नकला सहज फोफावल्या. त्यांच्या कॅसेटीही ६० पिनांच्याच. माळ्यावरची जुनी कॅसेट मूळ जपानी यंत्रात बहुधा चालते. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकन रूपाच्या, कॅसेटींना मात्र ७२ पिना असतात. त्यांना जोडणी बदलणारा अडॅप्टर लागतो.

यंत्र घेताना १९९३ चे सुधारित मॉडेल घ्यावे. पहिल्या मॉडेलमधून फक्त अँटेनाचा, तोही जपानी चॅनेलचा सिग्नल निघतो आणि आपल्याकडच्या टीव्हीवर तो लावणे त्रासाचे होते. नव्या मॉडेलला निन्टेन्डोची एव्ही वायर लागते, तिचे दुसरे टोक टीव्हीच्या साध्या एव्ही सॉकेटमध्ये बसते. टीव्हीला एनटीएससी, म्हणजे जपानमधल्या पद्धतीचा, सिग्नल कळला म्हणजे झाले. मूळ जपानी चार्जर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. ‘डक हंट’ या बदकांच्या शिकारीच्या खेळाची बंदूक जुन्या, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच काम करते.

पहिल्या खरेदीत ‘कॉन्ट्रा’ची १९८८ ची जपानी कॅसेट असावी. अमेरिकन आवृत्तीत नसलेले नकाशे, मधली दृश्ये, हलणारी झाडे आणि पडणारा बर्फ तिच्यात आहे. लहानपणी पाठ झालेला हा खेळ तिथे नव्याने भेटतो.

कॅसेट चालेना की फुंकर मारायची सवय सर्वांनाच आहे, पण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’सारख्या कॅसेटींत खेळ साठवण्यासाठी सोल्डर केलेली ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की साठवलेला खेळ पुसला जातो; कॅसेट मात्र शाबूत राहते, बॅटरी बदलता येते.

कॅसेटच्या आतल्या पट्टीवर (सर्किट बोर्डवर) वेगळ्या चिपांऐवजी काळा गोळा दिसला तर नकलेचा संशय घ्यावा. तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण काही अस्सल जपानी कॅसेटींतही तो असतो. सीलबंद प्रतींचा बाजार निराळाच आहे. २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एनईएसची सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. खेळण्यासाठी संग्रह करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

‘९९९९ इन १’ छापाच्या नकली कॅसेटींना अनेक संग्राहक कचरा समजतात. हे चूक आहे. यादीत तेच मोजके खेळ नावे बदलून येत असले, तरी भारतातल्या एका पिढीने व्हिडिओ गेम पाहिले ते याच कॅसेटींतून. त्यांच्या निर्मात्यांची नोंद सहसा कुठेच सापडत नाही. म्हणून वरचे चित्र, मेनू आणि आतली पट्टी यांची छायाचित्रे काढून ठेवणे हेही संग्राहकाचेच काम आहे.